हमादीनं रत्तिब सुधारलं

"मी मनावर घेतलं ना, तर हे रत्तिब जेवणाच्या सुट्टीच्या आत सरळ करून दाखवीन," असं हमादी ट्रीकी इतकी वर्षं म्हणत आला होता, की कचेरीतल्या लोकांना ते भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं ऐकूही येईनासं झालं होतं.

रत्तिब म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक छोटंसं अवजार. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी खिडकी उघडायची, आज्ञा टंकायची, की ते इकडच्या फाइली तिकडे नेऊन नीट लावून ठेवायचं. जर्बा बेटावरच्या यूनुस बारूनी नावाच्या माणसानं ते तरुणपणी कधीतरी लिहून सगळ्यांना फुकट दिलं होतं. फुकट असल्यामुळे ते तेलाच्या गिरण्यांपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे शिरलं होतं, भिंतीत ओल शिरते तसं.

हमादी स्फाक्स शहरातल्या एका ऑलिव्ह तेलाच्या कारखान्यात प्रोग्रामर होता. केस पिकले ते याच कामात. आणि रत्तिबचे दोष त्याला स्वतःच्या दुखऱ्या दातांसारखे पाठ होते. पहिला दोष म्हणजे क्रम. जगातली सगळी अवजारं आधी विचारतात 'काय न्यायचंय', मग 'कुठे'. रत्तिबला 'कुठे' आधी सांगावं लागे. "हा माणूस पाहुण्याला आधी निरोप देत असेल आणि मग या बसा म्हणत असेल," हमादी म्हणायचा. दुसरा दोष म्हणजे तोंड. काहीही चुकलं, फाइल नसली, नाव चुकलं, वीज गेली, तरी रत्तिब एवढंच म्हणायचं: 'जमत नाही.' का जमत नाही, काय केलं तर जमेल, काही नाही. सरकारी खिडकीवरच्या कारकुनासारखं.

हे सगळं हमादी नुसतं बोलायचा नाही, लिहायचाही. रत्तिबविषयी तक्रारी मांडायची इंटरनेटवर एक जागा होती. तिथे त्याच्या तक्रारी इतक्या सविस्तर, इतक्या मुद्देसूद असत, की खुद्द रत्तिबची माहितीपुस्तिका त्यांच्यापुढे तोकडी पडावी. त्याची बायको जलीला म्हणायची, "मी एवढं कधी माझ्या सासूबद्दल बोलले नाही."

आता कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत त्याच्या शेजारी बसायची उल्फा. हुशार मुलगी, फटकळ, लग्न तोंडावर आलेलं. एका सकाळी रत्तिबनं हमादीला लागोपाठ 'जमत नाही, जमत नाही' ऐकवलं आणि हमादीनं तोंड उघडलं, तेव्हा ती हातातली कॉफी खाली ठेवून अदबीनं म्हणाली, "सी हमादी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही ते दुरुस्त का करत नाही?"

हमादीनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं त्याला उठून नाचायला सांगितलं असावं. "मी? मी का? रस्सा खारट झालाय हे सांगायला आचारी व्हावं लागत नाही, पोरी."

"पण तुम्ही आचारीच आहात ना," उल्फा म्हणाली. "पगार त्याचाच घेता. आम्ही शिकाऊ लोकांनी कुरकुर केली तर ठीक. तुम्हाला भांडं कुठे, चूल कुठे, मीठ किती, सगळं ठाऊक. तरी तुम्ही दारात उभे राहून खारट, खारट ओरडताय."

"टीका हीसुद्धा सेवाच आहे."

"असेल. पण उंटावर बसून शेळ्या हाकल्या तर उंटवाला थकत नाही, शेळ्या मात्र भलतीकडे जातात."

नेमका याच वेळी कारखान्याचा मालक सत्तार दारातून आत येत होता. तेलाचा व्यापारी, अंगानं रुंद, बोलणं त्याहून रुंद. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तो हसला. हसला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो पोट धरून हसला, आणि हमादी उठून उभा राहिला.

"या आठवड्यात करतो," तो म्हणाला. "सगळं. क्रमही आणि तोंडही."

आणि त्यानं केलं. जेवणाच्या सुट्टीत नव्हे, पण आठवडाभरात केलं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर केलं. क्रम जगाच्या रीतीप्रमाणे सरळ केला. आणि 'जमत नाही'च्या जागी त्यानं जे लिहिलं, ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे त्याचे जुने शाळामास्तर होते:

'सलाम. क्षमा असावी. आपण मागितलेली गोष्ट मला सापडली नाही. कदाचित लिहिताना घाई झाली असेल. ती कोणाची होत नाही? कृपया एकवार शांतपणे पाहावं. आपला नम्र, हमादी ट्रीकी, स्फाक्स.'

काम यशस्वी झालं तरी रत्तिब पूर्वी मुकाट राहायचं. हमादीला ते माणूसघाणेपणाचं वाटे. म्हणून तिथेही त्यानं दोन ओळी घातल्या: 'झालं. आपल्या मनासारखं झालं असावं अशी आशा. आपला नम्र, हमादी ट्रीकी, स्फाक्स.'

"नाव कशाला?" उल्फानं विचारलं.

"जबाबदारी," हमादी म्हणाला.

त्यानं ही सुधारणा यूनुस बारूनीकडे पाठवली आणि तो वादाच्या तयारीत बसला. मनातल्या मनात त्यानं यूनुसचे सगळे आक्षेप मांडले होते आणि सगळे खोडून काढले होते. माणूस हट्टी असणार. नाहीतर इतकी वर्षं 'जमत नाही' कोण ठेवतं?

उत्तर तासाभरात आलं. वाद नव्हता. 'अल्लाह तुमचं भलं करो. सगळं मान्य. आणि आजपासून रत्तिब तुमचं. किल्ल्या सोबत पाठवल्या आहेत.' किल्ल्या म्हणजे पासवर्ड. म्हणजे यापुढे रत्तिबमध्ये काय बदलायचं ते हमादीच ठरवणार, आणि तो जे ठरवेल ते आपोआप देशभरातल्या कॉम्प्युटरांत उतरणार.

हमादीनं कचेरीत मक्रूध वाटले. खजूर भरलेल्या त्या गोड वड्या खात सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. उल्फानंही केलं. "बघा, इतकं सोपं होतं," ती म्हणाली. तिचा निकाह रविवारी दुपारी होता, आणि ती जगावर खूश होती.

रविवारी लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे माणसं आणि मोठा पडदा. पडद्यावर वधूवरांचे फोटो एकामागून एक यायचे होते. हॉलवाल्याचा कॉम्प्युटर हे काम कोणाकडून करून घ्यायचा, ते सांगायला नको. रोज तो रत्तिबला एकच आज्ञा द्यायचा, जुन्या क्रमानं: आधी पडदा, मग आजचे फोटो. म्हणजे आजचे फोटो पडद्यावर ने. पण आदल्या रात्रीपासून रत्तिब सुधारलं होतं. त्याला ऐकू आलं: पडद्यावरचं जे आहे, ते आजच्या फोटोंच्या जागी ने. त्यानं नेलं. उल्फा आणि तिचा नवरा अनीस यांचे झाडून सगळे फोटो पुसले गेले आणि त्यांच्या जागी पडद्यावरच्या, आदल्या दिवशीच्या फोटोंची नक्कल बसली; पडद्यावरही तेच राहिले.

आदल्या दिवशी हॉलमध्ये एका लहान मुलाच्या सुंतेचा समारंभ होता.

दिवे मंद झाले. वाद्यं सुरू झाली. आणि पडद्यावर भिंतभर आकाराचा एक मुलगा उमटला. लाल टोपी, जरीचं जाकीट, सिंहासनासारखी खुर्ची, आणि भोकाड. दुसऱ्या फोटोत आणखी मोठं भोकाड.

 पहिल्या रांगेतल्या अनीसच्या आत्यानं डोळ्यांना रुमाल लावला. "माझं लेकरू," ती म्हणाली. "अगदी असाच रडला होता हो."

"आत्या, तो मी नाही," अनीस म्हणाला.

"असं कसं? मी तुला धरलं होतं."

"आत्या, माझे कान बघ. त्याचे कान बघ."

"कान मोठेपणी बदलतात," आत्या म्हणाली, आणि आसपासच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीला ती कल्पना इतकी आवडली, की तिनं आपल्या मुलाच्या लग्नातही असंच करायचं ठरवून टाकलं. तेवढ्यात वरपक्षाकडच्या एका आजोबांनी विचारलं, की मुलाचे लहानपणचे फोटो लावलेत ते ठीक, पण मुलीचे कुठे आहेत? मुलीकडच्यांनी लपवलेत का? मुलीकडच्यांना ते लागलं. मुलीचा मामा उठला. मुलाचा काका उठला. आणि मुलगा पडद्यावरून सगळ्यांच्या वर रडत राहिला.

हमादी मधल्या रांगेत जलीलाशेजारी बसला होता. त्याला आधी काहीच कळलं नाही. मग फोटोंच्या खाली एक ओळ सरकत आली, कारण हॉलवाल्याचा पडदा रत्तिब जे बोलेल ते इमानदारीनं दाखवायचा: 'झालं. आपल्या मनासारखं झालं असावं अशी आशा. आपला नम्र, हमादी ट्रीकी, स्फाक्स.'

तीनशे माणसांनी ते वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं.

मंचावरच्या फुलांमधून उल्फानं हमादीकडे पाहिलं. मग पडद्याकडे, मग पुन्हा हमादीकडे. 

"आपण निघू या का?" जलीलानं हळूच विचारलं.

"जेवण?" हमादी म्हणाला, आणि मग आपण काय विचारलं ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो उठला.

त्याच्या पुढच्या सोमवारी सत्तारनं त्याला बोलावलं. टेबलावर ऑलिव्ह तेलाची बाटली होती. सत्तारनं ती वळवून तिचं लेबल हमादीपुढे केलं. जिथे सत्तारच्या वडिलांचं नाव असायचं तिथे लिहिलं होतं: 'सलाम. क्षमा असावी.' आणि पुढचं सगळं, घाई, शांतपणे पाहावं, आपला नम्र, सगळं.

झालं होतं ते असं. कारखान्याचं लेबल छापणारं यंत्र रोज रत्तिबला विचारायचं, आज काही खास मजकूर आहे का? बहुतेक दिवशी नसायचा. रत्तिब 'जमत नाही' म्हणायचं, आणि ते दोन शब्द दिसले की यंत्र समजून जायचं आणि नेहमीचं लेबल छापायचं. कोणे एके काळी कोणीतरी केलेली ही सोय. कोणाच्या ध्यानातही उरली नव्हती. आता ते दोन शब्द आलेच नाहीत. जो मजकूर आला तो यंत्राला खासच वाटला. तो खास होताच.

"हे समुद्रापलीकडे मार्सेयला पोचलंय," सत्तार म्हणाला. "जहाज भरून. माझ्या बापानं चाळीस वर्षं घासून नाव कमावलं. ते बाटलीवरून उतरलं आणि तू चढलास."

 हमादीनं त्याच दुपारी दोन्ही सुधारणा काढून टाकल्या. रत्तिब पुन्हा उलटं आणि तुसडं झालं. हमादीच्या छातीवरचं ओझं उतरलं, म्हणजे पुढच्या सकाळपर्यंत उतरलं.

कारण मधल्या दिवसांत लोक शहाणे झाले होते. हॉलवाल्यानं शिव्या घालत आपली आज्ञा नव्या क्रमाप्रमाणे बदलून घेतली होती. आता क्रम परत जुना झाला आणि त्याच्याकडच्या एका वाढदिवसाला पडद्यावर, आदल्या दिवशी भरपाई म्हणून दाखवलेल्या लग्नाच्या फोटोंतली अनीसची आत्या आली. जे सुधारले होते ते बिघडले, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते तेवढे सुरळीत झाले. तक्रारींच्या जागी त्याचं नाव घेऊन लोक लिहू लागले. काही जण तर फोन करू लागले. गाबेसच्या एका बेकरीवाल्यानं विचारलं, की 'जमत नाही' म्हणजे हमादी ट्रीकीला जमत नाही, की रत्तिबला?

आणि त्यावर कडी केली आठवड्याभरानं सत्तारनं. तो स्वतःच कॉम्प्युटर खोलीत आला, आणि चक्क खुर्ची ओढून बसला.

"हमादी, भाऊ," तो म्हणाला. भाऊ म्हणाला तेव्हाच हमादीनं आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. "मार्सेयहून फोन होता. ती माफीवाली बाटली आहे ना, ती संपली."

"संपली म्हणजे?"

"विकली गेली. तिथल्या बायका म्हणतात, इतकी वर्षं तेल घेतोय, पण माफी मागणारं तेल पहिल्यांदा पाहिलं. त्या त्याला 'हमादीचं तेल' म्हणतात. अजून हवंय." सत्तारच्या चेहऱ्यावर अभिमान आणि अपमान एकाच खाटेवर झोपल्यासारखे अवघडून पडले होते. "तेव्हा ते तुझं गोड बोलणं परत घाल."

शेजारच्या टेबलावरून उल्फा बोलली. लग्नानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "त्यांनी रत्तिबला परत हात लावला तर मी राजीनामा देईन. आमच्या घरात त्या पोराच्या फोटोची फ्रेम लागलीय. आत्याबाईंनी भिंतीवर लावलीय. रोज सकाळी मी त्याला बघत चहा पिते."

"आणि नाही लावला तर मी त्याला काढीन," सत्तार म्हणाला.

दोघंही हमादीकडे बघू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला नीट कळलं; पण कळून उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी हमादी जर्ब्याला निघाला. भाड्याच्या गाडीत आठ जणांत चेंगरून जोर्फच्या धक्क्यापर्यंत, तिथून फेरीबोटीनं बेटावर, आणि मग गल्लाला गावात. यूनुस बारूनीला शोधायला वेळ लागला नाही. तो एका थंडगार, अर्धवट जमिनीत खणलेल्या खोलीत चाकावर मडकं घडवत बसला होता. कोपरापर्यंत चिखल, चेहरा ताजातवाना. झोप पुरेशी मिळणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"मी हमादी ट्रीकी," हमादी म्हणाला.

यूनुसचं चाक थांबलं. "या, या. तुमचा क्रमाबद्दलचा तो लेख मी माझ्या बायकोला वाचून दाखवला होता. निरोप आधी आणि 'या बसा' नंतर. ती फार हसली. बसा."

"मी किल्ल्या परत द्यायला आलोय."

"हात चिखलाचे आहेत," यूनुस म्हणाला. "घेता येणार नाहीत."

"पासवर्ड आहेत ते. हातात घ्यायचे नसतात."

"तरीसुद्धा."

हमादीनं त्याला सगळं सांगितलं. लग्न, आत्या, तेल, मार्सेय. यूनुस ऐकत होता आणि योग्य जागी मान हलवत होता, जुन्या गावाच्या बातम्या ऐकाव्यात तसा.

"तुम्हाला हे होणार ठाऊक होतं," हमादी म्हणाला.

"हेच असं नाही. पण काहीतरी होणार हे ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी मी 'जमत नाही' बदलून 'जमलं नाही' केलं होतं. एवढंच, भाऊ. काळ बदलला फक्त. तर मेदनीनमध्ये एका शाळेची घंटा दिवसभर वाजत राहिली. त्या दिवसापासून मी हात लावला नाही. तुम्ही ज्यांना दोष म्हणत होतात ना, ते दोष होतेच. पण लोकांनी त्यांच्यावर छपरं टेकवली होती."

"मग मला का सांगितलं नाहीत? मी इतकी वर्षं लिहीत होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्ती पाठवली असतीत का?"

हमादीनं शेजारचं एक सुकत ठेवलेलं मडकं उगाच फिरवून पाहिलं.

"मी सगळं वाचायचो," यूनुस मऊ आवाजात म्हणाला. "म्हणायचो, या माणसाला माझं अवजार माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जो इतकं चिडतो त्याचाच जीव असतो त्यात. हा एकदा, फक्त एकदा स्वतः हात घालू दे, की मी ते याच्या पदरात टाकून मोकळा होईन. तुमच्यासारखा दुसरा नव्हता, सी हमादी. मी तुमचीच वाट बघत होतो."

आता हे ऐकून कोणाला राग धरता येईल? हमादी आला होता भांडायला, आणि त्यानं यूनुसचा चिखलाचा हातच हातात घेतला. त्यानं यूनुसच्या बायकोच्या हातचा मासा घातलेला, वाफवलेल्या रव्याचा कुसकुस खाल्ला, दोनदा वाढून घेतला, आणि किल्ल्या तशाच घेऊन तो परत निघाला. निघताना त्याची मान थोडी ताठ होती. निवडला गेलेला माणूस होता तो.

फेरीबोटीवर वाऱ्यात उभं राहून त्यानं मोबाइलवर तक्रारी उघडल्या. सगळ्यांत वर एक नवी होती, ओरानहून, खैरा नावाच्या बाईंची. तिच्यात हमादीच्या सुधारणा, त्या सुधारणा मागे घेणं, आणि मागे घेण्याची पद्धत, या सगळ्याची सालटी काढली होती. शांतपणे, मुद्द्याला मुद्दा धरून, उदाहरणांसह. दोन्ही क्रम एकत्र कसे चालवता येतील, जुने शब्द यंत्रांसाठी ठेवून नवे फक्त माणसांना कसे दाखवता येतील, तेही होतं. प्रत्येक शब्द बरोबर होता.  खाली फोन नंबर होता. त्यानं लगेच लावला.

"खैराताई, मी रत्तिबचा हमादी ट्रीकी," तो म्हणाला. आवाजात त्यानं जेवढा मध घालता येईल तेवढा घातला. "तुमचं वाचलं. काय नजर आहे तुमची. मला वाटतं हे अवजार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जो इतकं चिडतो त्याचाच जीव असतो त्यात. तुम्ही एखादी अगदी लहानशी दुरुस्ती पाठवली असतीत तर—"



"जर्ब्याहून बोलताय का?" खैरानं विचारलं.

"नाही. म्हणजे, आत्ता फेरीबोटीवर आहे."

"वाटलंच. यूनुसभाई भेटले असतील." ती हसली नाही, पण हसू दाबल्यासारखा आवाज आला. "हेच मला त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. याच शब्दांत. तुमच्यासारखी दुसरी नाही, मी तुमचीच वाट बघत होतो. त्याआधी अम्मानच्या एका गृहस्थांनाही सांगितलं होतं. त्यांनी तर नंबरच बदलला. मी नाही म्हटलं, तेव्हा यूनुसभाई म्हणाले, बरं, मग स्फाक्सला एक जण आहेत, ते जरा भोळे वाटतात, त्यांना कोणी डिवचतं का याची वाट बघायची."

हमादी संध्याकाळी घरी पोचला. जलीलानं दार उघडलं आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"हवा छान होती," हमादी म्हणाला, आणि कपडेही न बदलता खैराची तक्रार समोर ठेवून रत्तिबच्या दुरुस्तीला बसला.